सोरायसिस : स्पर्शाने न पसरणारा, उपेक्षेने वाढणारा विकार

शरीराचे बहुतेक विकार वस्त्राआड आणि घराच्या भिंतींआड झाकता येतात. त्वचारोगाला असा आडोसा नाही. हातावर, कपाळावर किंवा मानेवर उठलेला चट्टा रोग्याने कोणाला काही सांगण्यापूर्वीच चारचौघांना दिसतो आणि त्याविषयीचा निवाडाही तेथल्या तेथे होऊन जातो. सोरायसिसच्या बाबतीत हा निवाडा बहुधा चुकीचा असतो. हा रोग संसर्गाने पसरतो, तो कुष्ठरोगाचाच एक प्रकार आहे, तो अस्वच्छतेमुळे किंवा पूर्वकर्मामुळे होतो अशा समजुती अद्यापि प्रचलित आहेत. त्यांपायी रोग्याचे ताट आणि अंथरूण वेगळे काढले जाते, केशकर्तनालयात त्याला टाळले जाते, ठरत आलेले विवाह मोडतात. वस्तुतः यांपैकी एकही समजूत खरी नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, मानसिक ताण हे या रोगाच्या उफाळण्याचे एक मान्य कारण आहे. त्यामुळे समाजाकडून होणारी अवहेलना ही रोग्याच्या दुःखात नुसती भर घालीत नाही, तर प्रत्यक्ष रोगही वाढविते. म्हणूनच औषधोपचाराइतकेच भोवतालच्या माणसांचे वर्तन हाही या रोगाच्या चिकित्सेचा भाग ठरतो. शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे, ते याच कारणाने.

रोगाची ओळख

सोरायसिसमध्ये त्वचेवर लालसर, किंचित उंचवटा असलेले आणि स्पष्ट कडा असलेले चट्टे उठतात. त्यांवर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्यांचा थर साचतो. सावळ्या वर्णावर हे चट्टे लाल दिसण्याऐवजी जांभळट किंवा काळसर दिसतात. कोपर, गुडघे, कमरेमागचा भाग आणि डोक्याची त्वचा ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. डोक्यातील सोरायसिसला पुष्कळदा साधा कोंडा समजले जाते. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे पडणे, नखे जाड होणे किंवा मुळापासून सुटणे हीही लक्षणे आढळतात. खाज काहींना थोडी असते, तर काहींना झोप येऊ न देण्याइतकी असते.

निरोगी त्वचेच्या खालच्या थरात जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या चार-पाच दिवसांत उरकतो. अपक्व पेशी एकीवर एक साचतात आणि त्यांच्याच खपल्या होतात. या खपल्यांत रोगजंतू नसतात. त्यामुळे रोग्याला स्पर्श केल्याने, त्याच्या पंगतीला बसल्याने, त्याचे कपडे वापरल्याने किंवा त्याच विहिरीचे पाणी वापरल्याने हा रोग दुसऱ्यास होत नाही. पतीपासून पत्नीला किंवा पत्नीपासून पतीलाही तो होत नाही.

हा रोग विरळाही नाही. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांत प्रौढांमधील त्याचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. एक टक्का हे प्रमाण धरले, तरी दोन हजार प्रौढ लोकवस्तीच्या गावात वीस माणसांना हा रोग असू शकतो. तो कोणत्याही वयात होतो. तथापि तारुण्यात आणि पन्नाशीनंतरच्या काळात त्याची सुरुवात अधिक प्रमाणात होते. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आणि विरूपता आणणारा रोग असल्याचे मान्य केले आणि रोग्यांना सोसाव्या लागणाऱ्या सामाजिक कलंकाकडे सर्व राष्ट्रांचे लक्ष वेधले. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.

नावाचा घोटाळा आणि त्याचे परिणाम

सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत फार जुनी आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही संज्ञा व्यापक असून तीत त्वचेच्या नाना विकारांचा समावेश होतो. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत; त्यांपैकी सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे होत. क्षुद्रकुष्ठांतील ‘एककुष्ठ’ या प्रकारात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होते असे वर्णन आहे. आजचे अनेक वैद्य सोरायसिसचे साम्य या प्रकाराशी जुळवितात. पुढे व्यवहारात ‘कुष्ठ’ हा शब्द महारोगापुरता उरला आणि शास्त्रात वेगवेगळे असलेले विकार लोकांच्या मनात एकाच नावाखाली, एकाच भीतीसह गोळा झाले.

पाश्चात्त्य देशांतही असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी या रोगाचे नेमके वर्णन केले. पण त्याच्या एका रूपासाठी त्यांनी महारोगाशी जुळणारेच नाव वापरले. अखेर १८४१ साली व्हिएन्ना येथील फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे नाव दूर सारून सोरायसिस हा स्वतंत्र रोग असल्याचे स्पष्ट केले. वैद्यकशास्त्राने ही गाठ त्या काळीच सोडविली. लोकव्यवहारात ती अजून सुटावयाची आहे.

दोन्ही रोगांतील मुख्य भेद समजण्यास कठीण नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि त्याचा हल्ला मज्जातंतूंवर असतो. त्यामुळे त्याच्या चट्ट्यावर बधिरता येते; गरम-थंड किंवा टोचणे जाणवत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर संवेदना कायम असते, किंबहुना खाज आणि आग यांमुळे ती अधिकच जाणवते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा सपाट व फिकट किंवा तांबूस असतो; सोरायसिसचा चट्टा जाड आणि खपल्यांनी भरलेला असतो. तथापि या खुणांवरून कोणी परस्पर निदान करू नये. शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, हाच सुरक्षित मार्ग होय.

सोरायसिस हा कुष्ठरोग नव्हे असे सांगताना, कुष्ठरोग्याला दूर ठेवणे योग्य आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, हे उपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि ते सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने नाहीसा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूदही संसदेने २०१९ च्या वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियमाने काढून टाकली आहे. ज्या रोगाविषयी समाजाच्या मनात सर्वाधिक भय होते, त्याच्याविषयीही कायद्याने आपली दृष्टी बदलली. मग जो रोग मुळात संसर्गजन्यच नाही, त्याच्याबाबत भय बाळगण्याचे कारणच उरत नाही.

रोग का होतो?

शरीरात शिरलेल्या जंतूंशी झुंजण्यासाठी निसर्गाने माणसाला प्रतिकारशक्ती दिली आहे. सोरायसिसमध्ये ही शक्ती कमी पडत नाही, तर भलत्याच दिशेने कार्य करू लागते. रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी शत्रू नसतानाही त्वचेत गोळा होतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. या द्रव्यांच्या चिथावणीने त्वचेच्या पेशी भराभर वाढू लागतात. ‘रक्त शुद्ध नसल्यामुळे’ हा रोग होतो, या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. आई किंवा वडिलांना सोरायसिस असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते. परंतु हुबेहूब जुळ्या भावंडांपैकी एकाला हा रोग असला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. यावरून वारसा हे अर्धेच कारण ठरते. तो वारसा जागा करणारे दुसरे काही निमित्त लागते.

ही निमित्ते वैद्यकशास्त्राने नोंदविली आहेत. लहान मुलांत व तरुणांत घशाच्या जंतुसंसर्गानंतर अंगभर थेंबांएवढे चट्टे एकाएकी उठतात. कापणे, खरचटणे, भाजणे किंवा सतत खाजविणे यांमुळे झालेल्या जखमेच्या जागी नवा चट्टा उमटू शकतो. लिथियम, हिवतापावरील क्लोरोक्विन आणि रक्तदाबावरील काही औषधे रोग वाढवू शकतात. मद्यपान, धूम्रपान आणि वाढलेले वजन यांमुळे रोग बळावतो. हिवाळ्यातील थंड, कोरडी हवा पुष्कळांना बाधते. आणि या सर्वांच्या जोडीला असते ते मानसिक ताणाचे निमित्त.

मनाचा ताण आणि त्वचा

कर्जाची चिंता, हातचे गेलेले पीक, घरातील मृत्यू, परीक्षा, नोकरीतील अनिश्चितता अशा प्रसंगांनंतर चट्टे वाढल्याचा अनुभव असंख्य रुग्ण सांगतात. एके काळी हा केवळ योगायोग किंवा मनाचा खेळ समजला जाई. आता त्यामागील शरीरक्रिया पुष्कळ अंशी उलगडली आहे. ताणाच्या वेळी मेंदूच्या आज्ञेने अधिवृक्क ग्रंथींतून काही संप्रेरके स्रवतात. ताण दीर्घकाळ टिकला की या संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि दाहावर असलेला त्यांचा अंकुश सैल पडतो. त्याच वेळी त्वचेत पसरलेल्या मज्जातंतूंची टोके अशी द्रव्ये सोडतात की, ज्यांमुळे तेथील दाह अधिक भडकतो. अपघाताने किंवा शस्त्रक्रियेत एखाद्या भागाचा मज्जातंतू तुटल्यावर नेमका त्याच भागावरील सोरायसिसचा चट्टा नाहीसा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मज्जातंतूंचा या रोगातील वाटा त्यावरून ध्यानात येतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील जॉन कबाट-झिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. सोरायसिससाठी प्रकाशकिरणांचे उपचार घेणाऱ्या ३७ रुग्णांपैकी काहींना उपचाराच्या वेळी ध्यानाचे मार्गदर्शन करणारी ध्वनिफीत ऐकविण्यात आली. इतरांना केवळ किरणोपचार देण्यात आले. ध्वनिफीत ऐकणाऱ्या रुग्णांची त्वचा इतरांपेक्षा लवकर निवळली. प्रयोग लहान असला, तरी मनःस्वास्थ्य हे औषधाला साहाय्यभूत होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. ध्यानाने औषधाची जागा घेतली असा मात्र त्याचा अर्थ नाही.

येथे एक दुष्टचक्र निर्माण होते. चट्टा दिसतो म्हणून लोक दूर सरतात. लोक दूर सरतात म्हणून रोगी खचतो, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उन्हाळा काढतो, लग्नकार्ये आणि सभा-समारंभ टाळतो. या कोंडमाऱ्याने रोग वाढतो आणि वाढलेला रोग लोकांना आणखी दूर लोटतो. पुष्कळ रुग्णांना यातून खिन्नतेचा विकार जडतो; काहींच्या मनात जीवन संपविण्याचे विचारही येतात. हे चक्र औषधाने एका बाजूने तोडता येते. दुसरी बाजू समाजाच्या हातात आहे. ‘सारे तुझ्या मनाचेच आहे, ताण घेऊ नकोस’ असा कोरडा उपदेशही उपयोगाचा नाही. रोग खरा आहे, तो शरीरात आहे आणि रोग्याचा त्यात दोष नाही, हे मान्य करूनच धीर द्यावयास हवा.

उपचारांची वाटचाल

सोरायसिसच्या उपचारांच्या इतिहासात आपल्या भागाचेही एक स्थान आहे. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पिवळसर भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने गोव्यात येत असे आणि गजकर्णासारख्या त्वचारोगांवर वापरली जाई. ‘गोवा पावडर’ या नावानेच ती प्रसिद्ध झाली. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८७० नंतरच्या दशकात तिचा उपयोग सोरायसिसवर केला. पुढे १९१६ साली जर्मनीत तिच्यातील द्रव्याशी साम्य असलेले डिथ्रॅनॉल हे औषध कृत्रिम रीत्या तयार करण्यात आले. त्याचे मलम दीर्घकाळ या रोगावरील प्रमुख औषधांपैकी एक होते. १९२५ साली अमेरिकेतील डॉक्टर गोकरमन यांनी दगडी कोळशाच्या डांबराचा लेप आणि अतिनील किरण यांची जोड घातली. १९७४ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी सोरालेन वर्गातील औषध देऊन त्यानंतर विशिष्ट अतिनील किरण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या वर्गाला ज्या वनस्पतीवरून नाव मिळाले, ती म्हणजे आयुर्वेदात कोडावर सांगितलेली बावची होय. तथापि बावचीचे तेल स्वतःच्या मनाने लावून उन्हात बसणे धोक्याचे आहे. त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

आजच्या उपचारांच्या तीन पायऱ्या मानता येतील. चट्टे थोडे असतील तर मलमांनी भागते. त्वचा मऊ ठेवणारी मलमे, खपल्या काढणारे सॅलिसिलिक आम्ल, डांबर, ड जीवनसत्त्वाशी संबंधित मलमे आणि डॉक्टरांनी मर्यादित काळासाठी दिलेली स्टिरॉइड मलमे यांचा त्यात समावेश होतो. चट्टे अधिक पसरले असतील तर अतिनील किरणांचा उपचार देतात. तो वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत उपलब्ध असतो. रोग तीव्र असेल तर पोटात घ्यावयाची औषधे किंवा इंजेक्शने द्यावी लागतात.

पोटात घ्यावयाच्या औषधांत मेथोट्रेक्झेट हे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकाच ठरावीक दिवशी घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतल्यास जीव धोक्यात येतो. ज्यांना चिठ्ठी वाचता येत नाही अशा रुग्णांना ही एक गोष्ट नीट समजावून देणे, हे आरोग्य सेवकाचे आणि गावातील सुशिक्षित शेजाऱ्याचेही मोठे कर्तव्य होय. या औषधाच्या काळात रक्ताची व यकृताची तपासणी आवश्यक असते, मद्य वर्ज्य असते आणि गर्भवती स्त्रियांना ते देत नाहीत.

गेल्या दोन दशकांत दाह निर्माण करणाऱ्या नेमक्या द्रव्यांनाच अडविणारी जैविक औषधे निघाली आहेत. भारतात बायोकॉन या कंपनीने विकसित केलेले इटोलिझुमॅब हे अशा वर्गातील औषध २०१३ साली बाजारात आले. ही औषधे गुणकारी पण महाग आहेत आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते.

कोणत्याही उपचाराने हा रोग मुळासकट जातो असा दावा आज शास्त्र करीत नाही. परंतु तो आटोक्यात ठेवता येतो आणि त्वचा महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, स्वच्छ राहू शकते. मधुमेह किंवा रक्तदाब यांच्याशी जसे नियमाने वागावे लागते, तसेच सोरायसिसशीही वागावे लागते.

झटपट गुणाचा मोह

‘कायमचा बरा करू’ अशी जाहिरात वाचून पुष्कळ रुग्ण नोंदणी नसलेल्या वैदूंकडे जातात. तेथील पुड्यांत किंवा इंजेक्शनांत बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. पहिल्या काही दिवसांत चट्टे नाहीसे होतात. मात्र औषध थांबताच रोग पूर्वीपेक्षा जोराने उसळतो. कधी सर्वांग लाल होऊन सोलते, तर कधी अंगभर पुवाचे फोड येतात. थंडी, ताप आणि सर्वांगाची लाली ही लक्षणे एकत्र दिसल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. स्टिरॉइड मलमांच्या मुक्त विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ साली अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई केली आहे. शेजाऱ्याचे मलम मागून लावणे हेही याच कारणास्तव वर्ज्य मानावे.

सांधेदुखीकडेही दुर्लक्ष होता कामा नये. सोरायसिसच्या काही रुग्णांना बोटांची सूज, सकाळी सांधे आखडणे आणि पाठदुखी हे त्रास होतात. वेळीच उपचार न झाल्यास बोटे वाकडी होतात आणि मग कुष्ठरोगाची चुकीची शंका अधिकच पक्की होते. या रोग्यांत हृदयविकार व मधुमेह यांचे प्रमाणही अधिक आढळत असल्याने वजन, रक्तदाब व रक्तशर्करा यांची वरचेवर तपासणी करून घ्यावी.

घरच्या घरी घ्यावयाची काळजी साधी आहे. स्नानास कडकडीत पाणी व उग्र साबण वापरू नये. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे व्हॅसलिन लावावे. खपल्या नखांनी ओढू नयेत. सकाळचे कोवळे ऊन बेताने घेतल्यास बहुतेकांना लाभ होतो. तंबाखू व मद्य सोडावे. पुरेशी झोप, चालण्याचा व्यायाम, योगासने, भजन किंवा वाचन यांपैकी ज्याने मनाला विसावा मिळेल ते नियमाने करावे. मन फार खचले असेल तर ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपणांस काय करता येईल?

वर्गातील एखाद्या मुलाच्या हातावर चट्टे दिसले तर त्याला मागच्या बाकावर बसविण्याऐवजी शिक्षकाने त्याच्या पालकांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी आणि हा रोग लागत नाही हे वर्गाला सांगावे. शिक्षकाने स्वतः त्या मुलाचा हात हातात घेतला, तर वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. शालेय आरोग्य तपासणीत अशा मुलांची नोंद व्हावी. पोषण आहाराच्या पंगतीत त्याला निराळे बसविले जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत किंवा आरोग्य शिबिराच्या निमित्ताने या रोगाविषयी दोन शब्द बोलावेत. आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने गावातील रुग्णांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविता येईल. खोट्या जाहिराती करणाऱ्या वैदूंची माहिती संबंधित यंत्रणेला देणे हेही त्यांचेच काम आहे. पाणवठा, सार्वजनिक कार्यक्रम, अंगणवाडीतील स्वयंपाक अशा ठिकाणी रोगाच्या नावाखाली कोणाला अडविले जात असेल, तर गावातील वजनदार माणसाचा एक शब्द पुष्कळ काम करून जातो.

कार्यालयप्रमुखांनी आपल्या सहकाऱ्याचा रोग हा कुजबुजीचा विषय होऊ देऊ नये. किरणोपचारासाठी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जावे लागते, हे ध्यानी घेऊन रजेच्या नियमांत राहून सवलत द्यावी. जनतेशी संपर्क येणाऱ्या जागेवरून त्याला केवळ चट्ट्यांमुळे हलविणे म्हणजे चुकीच्या समजुतीवर शासकीय शिक्कामोर्तब करणे होय.

यांपैकी कशालाही निराळी आर्थिक तरतूद लागत नाही. सोरायसिसवरील औषधे डॉक्टरांनी द्यावयाची आहेत. परंतु ती गुणकारी होण्यासाठी लागणारी मनाची स्वस्थता रोग्याला त्याच्या घराने, शाळेने, कार्यालयाने आणि गावाने द्यावयाची आहे.